द्वारकामावशींच्या विहिरीचं माप

"भाऊ, मोटार कालपासनं बंद ठिवलीय. कधी येताय?" द्वारकामावशी फोनवर विचारत होत्या.

एकतीस वर्षं दर तीन महिन्यांनी भूम तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी मोजून रामलिंग मार्चमध्ये निवृत्त झाला होता. माप खरं यावं म्हणून आदल्या दिवशी मोटार बंद ठेवायची, हे त्यानंच मावशींना सांगितलेलं. बाकीचे मान डोलवत आणि मोटार चालूच ठेवत. मावशी मात्र ऐन मे महिन्यात कडवळाच्या चाऱ्याला पाणी द्यायची पाळी चुकवून शब्द पाळायच्या. आता त्यांना 'येत न्हाय' कुठल्या तोंडानं म्हणायचं?

त्यानं स्वतःचा टेप घेतला. सुट्टीला आलेली लेकही निघाली. आरोही पुण्यात उपग्रहांच्या आकड्यांवरून ग्रीनलंडचा बर्फ मोजायची. बांधावरून चालताना त्यानं विचारलं, "एवढा बर्फ तराजूत घालता तरी कसा?"

"घालत न्हाय, अण्णा. दोन उपग्रह एकामागं एक फिरतात, मधी दोनशे किलोमीटर अंतर. खाली वजन आलं की आधी पुढचा ओढला जातो, मग मागचा. अंतर केसापेक्षा कमी हललं तरी कळतं. बर्फ वितळला, न्हायतर जमिनीतलं पाणी आटलं, की ती ओढच कमी होते."

रामलिंग जागीच थांबला. जमिनीतल्या पाण्याचं वजन आभाळात जाणवतं! कितीतरी वेळ तो वर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हंजी आमी उगंच टेप सोडत बसलो म्हण की."

"वरनं सगळ्या मुलखाचं पाणी आटलेलं दिसतं. एकटी विहीर दिसत न्हाय. आमचा आकडा खरा का खोटा, हे ताडायला तुमच्यासारख्यांच्याच वह्या लागतात."

त्याची पावलं झपाझप पडू लागली.

मावशी विहिरीपाशी उभ्याच होत्या. मागं कडवळानं माना टाकल्या होत्या. रामलिंगनं टेपला खडू चोळला आणि काठावरच्या लाल खुणेपासून तो खाली सोडला. टेप जातच राहिला. वर ओढला तेव्हा खडू जेमतेम बोटभर भिजला होता.

"किती?" मावशींनी विचारलं.

"सतरा मीटर चाळीस."

इतक्या खोल पाणी कधीच गेलं नव्हतं. मावशींनी पदर तोंडाला लावला. सरकारी रजिस्टर केव्हाच जमा झालं होतं. आरोहीनं आपल्या वहीत मे महिन्यातली तारीख घालून आकडा लिहिला.

"करू का आता मोटार सुरू?"

"करा," टेप पुसून गुंडाळत रामलिंग म्हणाला. "अन् ऑगस्टात मी सांगंन तवा, आदल्या दिवशी बंद ठिवा."