पहिलं नाव बनाबाईचं

किसनरावांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन पार नाकाशी धरला आणि आकडा परत वाचला. सकाळी अडतीस होता. उन्हं कलली तरी अडतीसच.

“तुमच्या पाह्यल्यानं वाढते काय तो?” चांगुणाबाई सुपात तूर घोळवत म्हणाल्या. “डोळे जातीन, बाकी काई नाई.”

हा आकडा त्यांच्या पोरीच्या चाहत्यांचा होता. जानेफळच्या समताचा आवाज आता पुण्या-मुंबईच्या मंचांवर पोचला होता, आणि तिच्या गाण्यांचा कारभार पाहणाऱ्या कंपनीनं पंधरा दिवसांपूर्वी तिचं अधिकृत चाहता मंडळ काढलं होतं. अधिकृत म्हणजे पैसे भरून. वर्षाची वर्गणी पाचशेला एक कमी. बदल्यात सदस्यपत्र, समताच्या सहीचा फोटो आणि महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी फोनवर तासभर मैफल, फक्त सदस्यांसाठी. सुरुवातीला नव्या सदस्यांची नावं समता स्वतः वाचणार. पहिली मैफल येत्या शनिवारी होती. फुकटात तिची गाणी ऐकणारे लाखाच्या घरात, पण खिशात हात घालायची वेळ आली तेव्हा अडतीस. आता बोला.

चांगुणाबाईंचं म्हणणं सरळ होतं. पोरगी आपली, आवाज आपल्या घरात घडलेला. तिचे चार फोटो भिंतीवर आहेत, पाचवा कशाला? दर रविवारी तिचा फोन येतो, म्हटलं तर दोन ओळी गाऊनही दाखवते. मग आपल्याच लेकीला ऐकायला पैसे भरायचे, हे कुठलं शहाणपण? शिवाय घरात जी काही रक्कम होती ती भोंग्याच्या जळलेल्या युनिटसाठी राखलेली. किसनरावांची साऊंड सर्व्हिस डीजेवाल्यांनी आधीच मोडीत काढत आणली होती. त्यात दोन भोंग्यांतला एक मुका असला, तर जयंतीला कोण बोलावणार?

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. किसनराव हं हं करत राहिले आणि बोट परत त्या आकड्यावर नेत राहिले.

खरं सांगायचं तर त्यांना फोटो नको होता, सदस्यपत्र नको होतं. गेल्या रविवारी समता फोनवर हसत म्हणाली होती, क्लब काढलाय बाबा माझा, बघू कोण कोण येतंय. दुसऱ्या कुणाला ते हसू वाटलं असतं. पण हा माणूस चाळीस वर्षं साऊंडच्या मशीनमागे बसून लोकांचे आवाज ऐकत आलेला. वायर कुठं सैल आहे हे त्याला नुसत्या खरखरीवरून कळायचं. त्या हसण्यात खरखर होती. पोरगी घाबरली होती.

“रिकाम्या मांडवात गानं लय वाईट असते,” ते म्हणाले.

“मांडव कोठी हाय? फोन हाय तो.”

“तिच्यासाठी मांडवच.”

चांगुणाबाईंनी सूप आपटलं आणि त्या आत गेल्या. किसनराव मात्र तिथंच बसून राहिले, कारण त्यांना तो जुना मांडव आठवत होता.

समता तेव्हा आठ वर्षांची. शेजारच्या गावात गायनाचा कार्यक्रम होता, मशीन किसनरावांचं होतं, म्हणून त्यांच्या पोरीला एक गाणं मिळालं. माईक उंच पडला तेव्हा त्यांनी तिच्या पायाखाली लाकडी खोका सरकवला. या भागात गाणं आवडलं की माणूस उठतो, पेटीवर नोट ठेवतो आणि माईकवरून त्याचं नाव पुकारलं जातं: अमक्या गावच्या अमक्यांकडून दहा रुपये बक्षीस, आम्ही त्यांचे आभारी आहोत. मोठ्या गायकांवर त्या दिवशी नोटा पडल्या. पोरीची पाळी आली तशी माणसं पाय मोकळे करायला उठली. अर्ध्या कडव्यात तिनं वळून मशीनकडे पाहिलं. ती नजर किसनरावांना जन्मभर पुरली.

घरच्यानं बक्षीस दिलं तर लोक हसतात. म्हणून त्यांनी खिशातली नोट काढून समोर सतरंजीवर बसलेल्या बनाबाईच्या मुठीत कोंबली. बनाबाई त्यांच्याच गल्लीतली, तोंडानं फटकळ, कुणाच्या बापाला न भिणारी. ती कमरेवर हात ठेवून उठली आणि अख्ख्या मांडवाला दिसेल अशी ऐटीत पेटीपर्यंत गेली. तिच्यामागं जीवन मिस्त्री गेला, त्याच्यामागं हॉटेलवाला शेखर, दोघंही किसनरावांच्याच नोटा घेऊन. तिघं उठले म्हणून चौथा आपल्या पायानं उठला. बक्षिसाचं असंच असतं, पहिला उठावा लागतो. पुढं पाच-सहा वर्षं गावोगाव हाच बेत चालला, आणि पहिलं नाव कायम बनाबाईचं. मग समतावर खऱ्याच नोटा पडू लागल्या आणि बेताची गरज उरली नाही. किसनरावांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, चांगुणाबाईंनासुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी ते सारिकाच्या दुकानात जाऊन बसले. सारिका समताची वर्गमैत्रीण. गावातल्या सगळ्यांचे ऑनलाइन फॉर्म तीच भरून द्यायची.

“जय भीम, काका. काय काढाचं? सातबारा?”

किसनरावांनी काम सांगितलं. सारिका खूश झाली, कारण मंडळाचं पान तिनंही चारदा उघडून परत बंद केलं होतं. पोरांच्या फिया भरून झाल्यावर बघू, असं तिचं चाललं होतं. तिनं फॉर्म उघडला आणि नाव विचारलं.

“बनाबाई. जानेफळ.”

सारिकाची बोटं थांबली. “काका, बनाआजीले जाऊन दोन वर्षं झाली.”

“मले माईत नाई काय? खांदा देल्ला म्या. तू लिही.”

“काकूचं टाकू नं मंग. नाईतर तुमचंच.”

“पयलं नाव बनाबाईचंच असते.”

सारिकानं लिहिलं. मोबाईल नंबर किसनरावांनी स्वतःचा दिला. पुढची दोन नावं जीवन आणि शेखर. त्या दोघांना किसनराव आदल्या संध्याकाळीच भेटून आले होते. शेखर तर पोट धरून हसला होता, म्हातारपणी परत तेच काम का बे किसन, म्हणाला, आणि हसता हसताच त्यानं नंबर लिहून दिला होता.

मग किसनरावांनी छातीच्या खिशातून नोटा काढल्या. एकेक नोट चार घड्यांची, बोटभर रुंद. मशीनच्या झाकणाखालच्या फटीत बसावी म्हणून लागलेली ही सवय, आता मशीन जवळ नसलं तरी हात तशीच घडी घालायचे. सारिका त्या सरळ करता करता वैतागून गेली.

आकडा एकेचाळीस झाला. शेखरनं हॉटेलात चार जणांच्या कानावर घातलं, त्या चौघांनी आणखी कुणाकुणाच्या, आणि शनिवारी दुपारपर्यंत तो त्रेपन्नावर गेला. सारिकाही त्यांत होती. किसनराव त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

संध्याकाळी सात वाजता त्यांनी माजघरात मशीन मांडलं, फोनची वायर त्याला जोडली आणि एकच स्पीकरचा बॉक्स सुरू केला. फोनला आवाज नाही काय, असं चांगुणाबाईंनी विचारलं. पोरगी गाऊन राह्यली आन चिमटीतल्या आवाजात आयकू काय, असं उत्तर आलं. मग चांगुणाबाई पदर खोचून जवळ येऊन बसल्या. पडद्याच्या कोपऱ्यात सदस्याचं नाव दिसत होतं. त्यांनी ते वाचलं, नवऱ्याकडे पाहिलं, परत वाचलं.

“हे काय?”

“चूप बस जरा. सुरू होऊन राह्यलं.”

निळ्या साडीतली समता पडद्यावर आली. तिनं सगळ्यांचं स्वागत केलं, शहरातल्या स्वच्छ मराठीत, आणि हातातल्या कागदावरून नावं वाचायला लागली. पुण्याचं कुणी, नाशिकचं कुणी. मलकापूरच्या जयमाला. मोताळ्याचा प्रेम. प्रत्येक नावाला ती मान लववत होती.

“बनाबाई,” ती म्हणाली आणि थांबली. “जानेफळ.”

बनाबाई गेली तेव्हा समता पहिल्या गाडीनं धावत आली होती, ओक्साबोक्शी रडली होती. नावांची एवढी मोठी यादी, पोरगी भराभरा वाचून पुढं जाईल, असं किसनरावांनी धरलं होतं. इतका साधा विचार आपल्या डोक्यात येऊ नये याचं त्यांना नवल वाटलं, आणि लाजही.

“जीवन, जानेफळ. शेखर, जानेफळ.” समतानं कागद खाली ठेवला. अजून नावं बाकी होती, पण ती वाचेना.

“आमच्याकडं गाणं आवडलं की नोट देतात,” ती हळू बोलायला लागली. “मी लहान असताना ही तीन नावं सगळ्यात आधी यायची. याच क्रमानं. घरी गेल्यावर त्या नोटा मी उघडून बघायची. तिन्हींना सारख्याच चार घड्या असायच्या.” ती हसली, आणि तिची शहरातली मराठी कुठल्या कुठं गेली. “तशी घडी आमच्या गावात एकच मानूस घालते. मले तवाच समजलं होतं. पर मी कदी बोलली नाई. बोलली असती त त्यानं बंद केलं असतं.”

चांगुणाबाई पडदा सोडून नवऱ्याकडे बघायला लागल्या.

“बनाबाईची मी आजही आभारी आहे,” समता म्हणाली. “फक्त एक नाव मले कदी पुकारता आलं नाई.”

मग तिनं तर्जनी वर करून जराशी खाली वाकवली. बाकीच्यांना त्यातून काही कळलं नसेल. ती आणि किसनराव यांच्यातली ती जुनी खूण होती: बाबा, इको कमी करा, आवाज घुमतोय. तिनं डोळे मिटले आणि सूर लावला. किसनरावांचा हात आपसूक मशीनकडे गेला आणि त्यांनी बटण एवढंसं मागं फिरवलं. त्यांना पडदा नीट दिसत नव्हता. चष्मा डोळ्यांवरच होता, तरी दिसत नव्हता.

पहिलं गाणं संपल्यावर चांगुणाबाईंनी विचारलं,

“म्हंजे ते पैसे तुमचे होते?”

किसनरावांनी मान डोलावली.

“आन ती बनी मले मरेपर्यंत आयकवत गेली, तुया पोरीले पयलं बक्षीस म्या देल्लं म्हून.” हे बोलता बोलता त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “दरसाली तीळसंक्रांतीले तिले जास्तीचे लाडू देत होती मी त्याच्यापायी.”

किसनराव त्या रात्री लवकर झोपले. सकाळी सारिकानं शटर वर ढकललं तेव्हा ते पायरीवर बसलेले होते. खिशातल्या नोटा त्यांनी घरून निघताना सवयीनं घडी घालूनच आणल्या होत्या. आता त्या उघडल्या, एकेक गुडघ्यावर ठेवून तळहातानं दाबली, आणि सपाट करून सारिकापुढं ठेवल्या.

सारिकानं फॉर्म उघडला. किसनरावांचा नंबर टाकायला गेली तर तो बनाआजीच्या नावावर अडकलेला निघाला. तो काढून टाकायचा का, असं तिनं विचारलं. त्यावर किसनराव म्हणाले, तिले काऊन उठवते, बसू दे तिले. चांगुणाचा टाक.

“बरं. नाव?”

त्यांनी सांगितलं, पण ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असेल. दुसऱ्यांची नावं चार गावांपर्यंत पोचवण्यात या माणसाचा जन्म गेला होता.

“जरा मोठ्यानं, काका.”

“किसनराव,” ते म्हणाले. मग घसा खाकरून अजून थोडं मोठ्यानं, “गाव तेच.”