सात शीट, त्रेसष्ट नावं

नदीचं पाणी ओसरून दोन दिवस झाले, तरी खालच्या वस्तीतली किती माणसं बेपत्ता आहेत हे कुणाला ठामपणे सांगता येत नव्हतं. नगरपालिकेच्या नोंदणी विभागातल्या मावशींनी त्यासाठी संगणकावर एक एक्सेल फाइल तयार केली होती. निवृत्तीला आलेल्या या बाईंना सगळं ऑफिस मावशीच म्हणायचं. वस्तीच्या गल्ल्या सात, म्हणून फाइलमध्ये शीट सात. रहिवाशाचं नाव पूरग्रस्तांच्या छावणीच्या यादीत मिळालं, की पुढच्या रकान्यात छावणीचं नाव उमटायचं. नाही मिळालं, तर तिथं 'एरर' दिसायचा.

सकाळी विभागाचे साहेब घाईघाईत आले. "मावशी, एकोणीस बेपत्ता असं मी वर कळवलंय. शोधपथक पहिल्या गल्लीत खोदतंय."

"एकोणीस एकट्या पहिल्या गल्लीचे झाले, साहेब. बाकीची सहा शीटं तुम्ही उघडलीच नाहीत."

साहेब खुर्चीत बसले. मावशींनी प्रत्येक शीटवर एरर मोजणारा फॉर्म्युला टाकला आणि सातही आकड्यांची बेरीज केली. त्रेसष्ट.

साहेबांचा चेहरा पडला. ते हळूच म्हणाले, "एररच्या जागी रकाना कोरा दिसेल, असं करता येतं ना?"

"येतं. पण मग ही माणसं मोजायची कशी? मला दुपारपर्यंत वेळ द्या."

मावशींनी फोन जवळ ओढला आणि छावण्यांना एकेक नाव विचारायला सुरुवात केली. कुणाच्या नावामागे नुसती एक मोकळी जागा जास्त पडली होती. कुणाचं आडनाव आधी लिहिलं होतं. एका आजोबांची नोंद 'अण्णा' एवढीच होती. अशी नावं संगणकाला जुळली नव्हती, म्हणून एरर. पहिल्या गल्लीतले एकोणीसही जण छावणीत सुखरूप निघाले. साहेबांनीही दुसरा फोन घेतला आणि निम्मी यादी आपल्याकडे ओढली.

दुपारी पुन्हा मोजणी केली. बारा उरले. त्यातले सात पाचव्या गल्लीतले, आणि तेही एकाखाली एक.

"यादी घरांच्या क्रमानं आहे. शेजारशेजारची घरं आहेत ही," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी तिथल्या तिथे पथकाला फोन लावला. "पहिली गल्ली सोडा. चूक माझी आहे. पाचवीच्या टोकाला जा."

कोसळलेल्या भिंतीमागच्या माळ्यावर पाच जण जिवंत सापडले. एक म्हातारं जोडपं मात्र गेलं होतं. त्या दोघांपुढचे फॉर्म्युले पुसून मावशींना हातानं 'मृत' असं लिहावं लागलं. दोनच अक्षरं. पथक सकाळीच तिकडे गेलं असतं तर, हे मावशींच्या आणि साहेबांच्याही मनात होतं.

उरलेल्या पाचांपैकी चार जण आठवडाभरात परगावी नातेवाइकांकडे सापडले. तिसऱ्या गल्लीतली एक बाई मात्र सापडली नाही. तिचा नवरा रोज नोंदणी विभागाच्या खिडकीशी येऊन उभा राहायचा. एक दिवस त्यानं विचारलं, "ताई, तिच्या नावापुढं काय लिहिलंय?"

"अजून सापडल्या नाहीत, एवढंच."

"खोडणार नाही ना कुणी?"

"मी असेपर्यंत नाही," मावशी म्हणाल्या, आणि त्याला बसायला खुर्ची दिली.