टॅलोराचा अकरावा गडी

टॅलोरा क्रिकेट क्लब बंद होणार, ही बातमी पेपरात आली आणि क्लेम हॅलोरनच्या घरचा फोन खणखणायला लागला. एरवी हा फोन क्लेमच फिरवायचा. दर शनिवारी सकाळी, चहा गार होईपर्यंत. "एकच जण कमी पडतोय रे, येतोस का?" मग कुणाच्या मेहुण्याचं लग्न निघायचं, कुणाची कंबर धरलेली असायची, कुणी बायकोला पुढे करून स्वतः आंघोळीला गेलेला असायचा. आता तेच सगळे उलट विचारत होते, "शेवटच्या मॅचला मला घेणार ना?"

"इतकी वर्षं कुठे मेले होते हे?" क्लेमची बायको नोएलीन म्हणाली. तिने तीस वर्षं क्लबसाठी सँडविच कापली होती. तिला बोलायचा हक्क होता.

"येतायत ना आता? मग झालं तर," क्लेम म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटत होतं. माणूस इतका भोळा असू नये, पण क्लेम होता.

क्लबचे चार संघ होते. माणूस पहिल्यात खेळायचा, वय झालं की दुसऱ्यात, तिसऱ्यात उतरायचा आणि शेवटी चौथ्यात येऊन टेकायचा. क्लेमवर अशी उतरायची वेळ कधी आली नाही, कारण चौथ्याच्या वर तो कधी चढलाच नव्हता. एक्कावन्न वर्षांचा हा चिटणीस बॅटिंगला अकरावा यायचा आणि फील्डिंगला फाइन लेगच्या सीमेवर उभा राहायचा. तिथे मात्र तो चोख होता. मैदानाला त्या बाजूला उतार आहे, चेंडू शेवटी गटाराकडे वळतो, हे त्याच्या पायांना ठाऊक होतं.

क्लब काढला होता वीटभट्टीच्या कामगारांनी, शंभर वर्षांमागे. भिंतीवर त्यांचे फोटो होते, मोठाल्या मिशांचे, हातांची घडी घालून बसलेले. मंदीच्या दिवसांत खेळाडूंनी एकच पॅडचा जोड आळीपाळीने बांधला, लढाईत अर्धा संघ गेला, पण शनिवार चुकला नाही. पुढे मातीच्या खाणी बुजल्या, त्यांवर बंगले उठले आणि बंगल्यांतल्या लोकांना शनिवार उन्हात घालवायला सवड उरली नाही. या मोसमात चौथा संघ तीनदा मैदानात उतरूच शकला नाही. तिन्ही वेळा पांढरे कपडे घालून आलेल्या सहा-सात जणांत क्लेम होता. चौथ्या वेळेची वाट न बघता सिडनीच्या असोसिएशनने पुढच्या मोसमापासून टॅलोराला स्पर्धेतून काढलं. मैदानही तेव्हापासून दुसऱ्यांचं.

राहिला होता एक शनिवार. वरचे तीन संघ बाहेर खेळायला जाणार होते. टॅलोराच्या मैदानावरचा शेवटचा सामना आला तो चौथ्या संघाच्या वाट्याला, आणि त्या संघात शिरायला ही झुंबड.

गुरुवारी सरावानंतर निवड समिती बसली. समिती म्हणजे अध्यक्ष ग्रॅहम स्टट, चौथ्या संघाचा कप्तान स्टॅव्ह आणि क्लेम. बघता बघता दहा नावं झाली आणि गाडं अकराव्यावर अडलं.

"वेन डेल्ब्रिज म्हणतोय खेळतो," स्टट म्हणाला.

डेल्ब्रिज म्हणजे पहिल्या संघाचा एकेकाळचा हिरो. सतरा शतकं ठोकून बारा वर्षांपूर्वी क्लब सोडून गेला तो गेला. मधल्या काळात क्लबच्या दारावरून गाडी नेतानाही त्याने कधी काच खाली केली नव्हती.

"मग माझं काय?" क्लेमने हसत विचारलं. त्याला ती थट्टाच वाटली.

"लोकांना डेल्ब्रिज बघायचाय, क्लेम. फोटोवाला येणार आहे." स्टटने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तू काय, घरचाच माणूस."

क्लेमने स्टॅव्हकडे पाहिलं. स्टॅव्ह बिअरच्या ग्लासावरचे थेंब बोटाने पुसत होता.

"बरोबर आहे," क्लेम म्हणाला. आयुष्यभर तो हेच म्हणत आला होता.

संघ वाचून दाखवायचे ते चिटणीसाने, व्हरांड्यात उभं राहून. शंभर वर्षांचा रिवाज. क्लेमने चारही संघ वाचले. शेवटचं नाव डेल्ब्रिजचं आलं तेव्हा टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. आपलं नाव का नाही हे कुणी तरी विचारेल म्हणून तो कागद हातात धरून जरा वेळ तसाच उभा राहिला. कुणीच विचारलं नाही. कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. उलट एक जुना खेळाडू येऊन म्हणाला, "काय म्हाताऱ्या, शनिवारी फाइन लेगला झोपू नकोस हं!"

घरी आल्यावर नोएलीनने जेवण वाढलं आणि त्याचं तोंड बघून म्हणाली, "वगळलं ना तुला?"

"घरचाच माणूस म्हणे."

"हो ना. पाहुणे आले की घरच्यानेच उपाशी राहायचं," ती म्हणाली, आणि रागाने ताटं आपटायला लागली. क्लेमला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही.

शनिवारी तो नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी पोचला. स्टम्प रोवले, सीमेचा दोर टाकला, चहाचं भांडं चढवलं. लोक आले, सॉसेजचा धूर निघाला, फोटोवालाही आला. आला नाही तो डेल्ब्रिज. नाणेफेकीला दहा मिनिटं उरली तेव्हा स्टटने त्याच्या घरी फोन लावला. डेल्ब्रिज मित्रांबरोबर मासे धरायला गेला, आज काही आहे हे मला बोलला नाही, असं त्याच्या बायकोने सांगितलं.

स्टॅव्ह धावत क्लेमकडे आला. "चल बाबा, कपडे घाल. वाचवलंस."

क्लेम चहात साखर ढवळत होता. त्याची बॅग गाडीच्या डिकीत होती. मोसम असो नसो, ती तिथेच असायची, आणि हे स्टॅव्हला पक्कं माहीत होतं.

"बॅग नाही आणली," तो म्हणाला.

"तू? बॅग नाही आणलीस?"

"घरी राहिली."

"मग माझे जादा कपडे घे ना."

"तुझी पँट मला येते का, स्टॅव्ह?"

स्टॅव्हने एकदा त्याच्या गाडीकडे पाहिलं आणि एकदा त्याच्याकडे. मग मान खाली घालून तो नाणेफेकीला गेला. आयुष्यात पहिल्यांदा क्लेम टॅलोराला नाही म्हणाला होता. त्याला वाटलं होतं, आता जिवाला गार वाटेल. तसं काही झालं नाही.

बघायला जमलेल्यांत नोंदणी झालेला खेळाडू एकटा क्लेमच होता, म्हणून दहाच उतरले. त्या दहा जणांनी एकशे बासष्ट धावा केल्या. म्हातारे होते, पोटं सुटलेली होती, पण त्या दिवशी सगळे जीव तोडून खेळले. समोरच्यांनी एक माणूस फील्डिंगला देऊ केला. स्टॅव्हने हात जोडले. शेवटच्या दिवशी टॅलोराच्या मैदानात टॅलोराचेच उतरतील, म्हणाला. तेव्हाही क्लेम गाडीपर्यंत जाऊ शकला असता. किल्ली खिशात होती. मधल्या सुट्टीत त्याने ती दोनदा मुठीत धरली, पण आता बॅग काढायची म्हणजे खोटं बोललो हे सगळ्यांदेखत कबूल करायचं. ते त्याच्या जिवावर आलं.

उन्हं उतरली तेव्हा समोरच्यांचा शेवटचा जोड खेळत होता आणि त्यांना तीन धावा हव्या होत्या. व्हरांड्यातले सगळे उभे राहिले. चेंडू फलंदाजाच्या पॅडजवळ पडला. त्याने बॅट नुसती लावली आणि चेंडू मागे फाइन लेगकडे निघाला, रमतगमत, अजिबात घाई नसल्यासारखा.

तिथे कुणी नव्हतं. दहा जणांत सगळीकडे माणूस कुठून आणायचा?

क्लेमचे पाय जागच्या जागी हलले. चेंडू उतारावर आला, गटाराकडे वळला आणि दोराखालून बाहेर गेला.

हस्तांदोलनं झाली. फोटोवाल्याने राहिलेल्या दहा जणांना ओळीत उभं केलं. स्टट म्हणाला, "ये रे क्लेम, तूही ये," तेव्हा क्लेमने हात हलवून नको म्हटलं आणि दोर गुंडाळायला घेतला.

अंधार पडता पडता स्टॅव्ह त्याच्याजवळ आला. त्याचे डोळे लाल होते. बॅगेबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

"तू असतास तर अडवला असतास ना रे तो?" त्याने विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. स्टॅव्हलाही बहुतेक तेच ऐकायचं होतं.

"हो," क्लेम म्हणाला. "अडवला असता."