चार्जिंग करताना ऐकू नये

"हा नवा पीस त्या ग्राहकाला द्या आणि या कागदावर सही घेऊन या," साहेबांनी छापील कागद तिच्यापुढे सरकवला. टेबलावर एका पिशवीत परत आलेला मुठीएवढा स्पीकर पडला होता, एका बाजूने वितळून बसलेला.

कारखान्यात तिला सगळे थर्मामीटरबाई म्हणत. एकवीस वर्षं चाचणीच्या खोलीत तिचं एकच काम. स्पीकर चार्जिंगला लावायचा, मोठ्याने वाजवायचा आणि तो किती तापला ते लिहायचं. पंचेचाळीस अंशांच्या वर आकडा गेला की माल परत. हे मॉडेल आलं तेव्हा आकडा अठ्ठावन्नावर गेला, आणि ती धावत साहेबांकडे गेली होती.

"बॅटरी फुगेल, साहेब."

"मग चार्जिंगला असताना वाजवताच कशाला? बंद ठेवून मोजा."

बंद ठेवून एकेचाळीस भरलं. तिने निमूटपणे सही केली. मन खात होतं म्हणून माहितीपत्रकात एक ओळ तेवढी घालून घेतली : चार्जिंग करताना ऐकू नये. ती छापून आली, तेव्हा तिला हायसं वाटलं होतं.

"ग्राहकाने सूचना पाळली नाही, एवढंच या कागदात लिहिलंय," आता साहेब म्हणाले. "तुम्ही बाईमाणूस, गोडीगुलाबीने घ्याल."

कंपनीच्या गाडीने ती ग्राहकाच्या पत्त्यावर पोहोचली. तिसऱ्या मजल्यावरचं दार एका ऐंशीच्या घरातल्या बाईने कोपराने ढकलून उघडलं. दोन्ही हातांच्या बोटांना पट्ट्या. थर्मामीटरबाईच्या खांद्यावरून भलतीकडेच बघत आजी हसली.

"कंपनीच्या ना? या. पसारा असेल तर सांभाळून, मला काही दिसत नाही."

थर्मामीटरबाई चपला काढून आत आली.

आजी टेलिफोन ऑपरेटर होती. "जन्म कानावर काढला. डोळे गेले तेव्हा म्हटलं, जाऊ देत, कान आहेत ना. दिवसभर बातम्या, गोष्टी, काय वाटेल ते लावते. मेली बॅटरी टिकत नाही, म्हणून वायर लावूनच ठेवायची. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून उशीखाली. त्या दुपारी जळका वास आला. दोन्ही हातांनी उचलायला गेले, तर चिकटलाच."

"आजी, डब्यातल्या कागदावर लिहिलं होतं, चार्जिंग करताना..."

"कुठल्या कागदावर गं?" आजीने सरळपणाने विचारलं.

थर्मामीटरबाईने पर्स उघडली. मग तिने सहीचा कागद वाचून दाखवला, एकही शब्द न गाळता. शेवटची ओळ होती, 'चूक सर्वस्वी माझी आहे'.

"सही केली की नवा मिळेल ना?"

"मिळेल. पण करू नका. तो तापतो, हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. मलाच ठाऊक होतं, आजी. मीच पास केला."

आजीने पट्ट्यांचे हात मांडीवर घेतले. हसू कधीच मावळलं होतं.

"दोन आठवडे मी भिंतींशी बोलतेय," ती शेवटी म्हणाली. "तुझं खरंखोटं तुझ्यापाशी ठेव. कुठे करू सही?"

पट्ट्यांच्या मुठीत पेन धरून तिने सही केली. शेवटची अक्षरं कागद सोडून टेबलावर उमटली.

तो कागद फाडून टाकावा असं थर्मामीटरबाईला फार वाटलं. हिंमत झाली नाही. घडी करून तिने तो पर्समध्ये ठेवला आणि नवा स्पीकर बाहेर काढला. त्याच मॉडेलचा.

"हा उघड्यावर टेबलावरच ठेवायचा. मधूनमधून हात लावून बघा. चटका बसतोय असं वाटलं, की लगेच वायर..."

"बोटांना गरम-थंड कळत नाही आता," आजी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, कळणारही नाही."

खाली ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तिने स्पीकर चार्जिंगला लावला, खुर्ची ओढली आणि त्याच्यावर तळवा ठेवून बसली.

"लाव ना काहीतरी."

"आता नाही. आधी भरू दे."

"किती वेळ?"

"दीड तास."

पुन्हा हॉर्न वाजला. मग पर्समधला फोन वाजू लागला. तिने तो वाजू दिला.

"गेलीस का गं?"

"नाही. इथेच आहे."

"मग तूच बोल काहीतरी," आजी म्हणाली आणि कान तिच्याकडे करून बसली.

तळव्याखाली स्पीकर कोमट होऊ लागला होता.