शेषेरावांचा पीपी नंबर

साल १९९३, भूकंपाचं. देगलूरच्या त्या गल्लीत तेव्हा एकच फोन होता, शेषेराव अडत्यांचा. सगळ्या गल्लीनं पाहुण्यारावळ्यांना तोच नंबर देऊन ठेवलेला. नंबरापुढं 'पीपी' लिहायचं, म्हणजे फोन शेजाऱ्याचा आहे हे समोरच्याला कळायचं. फोन आला की शेषेरावांच्या घरून भिंतीवरून हाक यायची आणि माणूस चपला न घालताच पळायचा.

केवळाबाईची लेक उमा किल्लारीकडं दिलेली. रेडिओवर बातमी ऐकल्यापासून केवळाबाई त्या भिंतीलाच टेकून बसली. पलीकडं घंटी वाजली की ती उठून भिंतीवरून शेषेरावांना विचारायची.

"दादा, माझ्या नावाचा फोन होता का?"

"न्हाई."

दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी उमाचा दीर एसटीनं आला आणि उंबऱ्यातच बसला. उमानं लातूरच्या दवाखान्यात पहाटे जीव सोडला होता. आईला बोलवा म्हणत होती.

"दोन दिवस फोन लावून राहिलो, मावशी. तुम्ही घरी न्हाई म्हणत होते."

केवळाबाई तशीच एक्स्चेंजमध्ये गेली. तिथं ट्रंक कॉल जोडायला गल्लीतलाच मकबूल होता.

"तीन दफे लागला, खाला," मकबूल म्हणाला. "लायटनिंग कॉल होता, सगळ्यांच्या आधी जोडून दिला. मी म्हणलं, केवळाबाईला बोलवा. शेठ म्हणले, घरी न्हाई. आम्ही ऑपरेटर, फोन उचलणारा सांगल तेच पुढं सांगतो. मला काय माहीत तुम्ही भिंतीला टेकून बसल्या ते?"

शेषेराव खोटं का बोलले ते तिला माहीत होतं. तिच्या पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी शेषेरावांच्या अंगणात पडायचं, त्यावरून पोळ्याच्या आधी भांडण झालं होतं. केवळाबाई भांडायला गेली नाही. घरी येऊन तिनं शिडी लावली आणि पन्हाळ उखडून काढली. पुढं चार महिन्यांत तिनं देगलूर सोडलं.

लातुरात क्लासेसचं पीक आलं तेव्हा तिची मेस आणि वर पोरींच्या सहा खोल्या होत्या. गावोगावचे आईबाप तिच्याच फोनवर पोरींना बोलवायचे. २००४ च्या जूनमध्ये एक पोरगी ट्रंक घेऊन दारात उभी राहिली. वर्षाराणी, देगलूरची. आजोबांचं नाव विचारलं तर म्हणाली, शेषेराव.

"ये," केवळाबाई म्हणाली. "फोनाजवळची खोली घे."

पोरीला तिनं पोटभर वाढलं. दुधावरची साय काढून दिली. वाट पाहायची तिला सवय होती.

फेब्रुवारीत वर्षाराणीच्या बापाचा फोन आला. शेषेराव नांदेडच्या दवाखान्यात होते, नातीची भेट मागत होते. दाराआड वर्षाराणी फिजिक्सची सूत्रं घोकत होती.

"घरी न्हाई," केवळाबाई म्हणाली. "क्लासला गेली."

"आल्यावर सांगा तेवढं."

"सांगते की."

संध्याकाळी पुन्हा फोन. मैत्रिणीकडं गेली म्हणून सांगितलं. त्या रात्री तिला छान झोप लागली, अकरा वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटी वाजली आणि म्हातारा आवाज आला. "वर्षाराणीला द्या."

"घरी न्हाई."

मग आवाज म्हणाला, "केवळाबाई?"

"हाव. ओळखला म्हणायचा आवाज."

"पोरगी तिथंच हाय ना?"

"माझी उमा बी तिथंच होती, दादा. तारेच्या त्या टोकाला. तिचा निरोप तुम्ही ऐकला, मी न्हाई ऐकला."

"माझं चुकलं, बाई. एकदा बोलू दे."

"तिसरा कॉल हाय हा तुमचा. तिचेबी तीनच झाले होते."

तिनं रिसीव्हर बाजूला काढून ठेवला आणि भाकरी थापायला बसली. उमाला जायला दोन दिवस लागले होते. पुरे दोन दिवस झाल्यावर तिनं वर्षाराणीला उठवलं, आजोबांचं बरं नाही म्हणून सांगितलं आणि नांदेडच्या पहिल्या गाडीत बसवून दिलं.

शेषेराव त्याच पहाटे गेले होते. फोनचं काय झालं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. वर्षाराणीच्या बापानं निरोप उशिरा पोचला असंच धरलं. मकबूल रिटायर झाला, देगलुरातच मोबाइलचे रिचार्ज मारत बसतो. उमाच्या दिरानं भूकंपानंतरच्या नव्या गावात घर बांधलं. वर्षाराणी डॉक्टर झाली, उदगीरला असते. त्या पहाटे हातात डबा देऊन गाडीत बसवणाऱ्या मावशीला ती विसरली नाही. पहिल्या पगारातून तिनं केवळाबाईला मोबाइल घेऊन दिला.

दर दिवाळीला ती फोन करते. रेंज फुल्ल असते. केवळाबाई स्क्रीनवरचं नाव बघत बसते, उचलत नाही. मिस्ड कॉल तीन झाले की मोबाइल बंद करून ठेवते.