कातळपाड्याचा एपिसोड

सहदेव धुरीनं त्या एका वर्षात एकवीस मचाणं बांधली, आणि त्यातल्या एकाही मचाणाखालून कधी जनावर गेलं नाही. जाणार कसं? सगळी मचाणं अंधेरीच्या स्टुडिओत, गुळगुळीत फरशीवर उभी. 'मचाण' नावाची मालिका रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची. नाना नावाचे एक जुने शिकारी खाकी कपडे घालून त्या मचाणावर बसायचे आणि आपल्या तरुणपणातल्या शिकारी रंगवून सांगायचे. शिकारीवर बंदी येऊन चौदा वर्षं झाली होती, त्यामुळे बंदूक नुसती मांडीवर. मधूनमधून खरं जंगल दिसायचं. मेळघाट, चंद्रपूर, कारवार, जिथं जिथं कॅमेरा जाऊन आलेला तिथलं. सेटचं सुतारकाम सहदेवचं. बांबू कसा वाकवला म्हणजे पडद्यावर जुना दिसतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

आणि हा माणूस राहायचा कुठं, तर मुलुंडला कातळपाड्यात, जिथं बिबट्या रोज दाराशी येत होता.

कातळपाडा म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या साठ-सत्तर झोपड्या. समोर कारखान्यांची धुराडी, मागे थेट राखीव जंगल. पाड्यात संडास नव्हता, त्यामुळे बाईमाणूस असो की म्हातारं, सगळ्यांना डोंगरावरच जावं लागे. त्या पावसाळ्यानंतर पाड्यातली कुत्री एकेक करून नाहीशी झाली. मग शेजारच्या शेवंतीच्या तीन शेळ्यांपैकी दोन गेल्या. दिवाळीच्या सुमाराला धाकू नावाच्या रखवालदारावर बिबट्या धावून आला आणि त्याच्या मांडीचा लचका तोडून गेला. पाड्यातले चारजण अर्ज घेऊन वनखात्याच्या चौकीवर गेले. तिथं एकच पिंजरा होता आणि तो दुसरीकडे लावलेला होता.

"माणूस मेलाय का?" चौकीवरच्यानं विचारलं.

"नाही."

"मग अर्ज ठेवून जा."

सहदेवच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट घोळायला लागली. नाशिककडच्या एका गावावर 'मचाण'चा भाग झाला होता. तो टीव्हीवर दिसला आणि चार दिवसांत त्या गावात दोन पिंजरे पोचले, मागोमाग आमदारही. म्हणजे पिंजरा अर्जानं येत नाही, टीव्हीनं येतो. आणि टीव्ही तर आपल्या ओळखीतला! दुसऱ्याच दिवशी त्यानं क्षमाताईंना गाठलं. क्षमाताई मालिकेच्या सहायक दिग्दर्शक, वयानं लहान, बोलायला मोकळ्या.

"मुलुंडला बिबट्या?" त्या हसल्याच. मग त्याचा चेहरा बघून थांबल्या. "खरंच सांगतोयस?"

"ताई, माझ्या छपरावरून चालतो तो. पत्रे वाजतात."

"बघ सहदेव, मी नानांना घेऊन येईन. पण रात्रीचं आपल्याला घेता येत नाही. आपल्याकडे तेवढे लाइट नाहीत आणि लाइट लावले तर तो येणार नाही. दिवसा दिसतो का? पाच-साडेपाचच्या आत?"

"दिसेल," सहदेव म्हणाला.

हे 'दिसेल' त्याला सगळ्यात महागात पडलं. पण तेव्हा त्याला स्वतःचा अभिमान वाटला होता, हेही सांगायला हवं. लहानपणी कणकवलीकडे तो डुकराच्या शिकारीत हाकाऱ्यांबरोबर हिंडलेला. जनावराला वेळ आणि जागा लावता येते, हे त्यानं जाणत्यांच्या तोंडून ऐकलेलं. दोन शेड्यूलच्या मध्ये काम बंद होतं, हाताशी वेळ होता. मुलुंडच्या बाजारात कोंबडीवाल्याकडून तो मुंड्या, पाय, आतडी पिशवीभर आणायला लागला. कुत्र्यांना घालतो म्हणून सांगितलं. पाड्यात कुत्रं उरलं नव्हतं, पण कोंबडीवाल्याला ते कुठं ठाऊक!

झोपड्यांच्या मागे, ओढ्याच्या अलीकडे एक सपाट कातळ होता. तिथं ऊन चांगलं पडायचं आणि सहदेवच्या छपरावरून स्वच्छ दिसायचं. त्यानं तीच जागा धरली. पहिल्या दिवशी अंधार पडल्यावर घातलं, सकाळी कातळ चाटूनपुसून साफ. दुसऱ्या दिवशी जरा आधी. तिसऱ्या दिवशी आणखी आधी. रोज दहा-पंधरा मिनिटं तो वेळ अलीकडे ओढत होता. पाड्यात कुणाला पत्ता लागू दिला नाही. चार वाजले की तो कातळावर खेळणाऱ्या पोरांना हाकलायचा. "तिकडं नाग निघालाय रे, चला घरी!" पोरं पळायची. त्यांत शेवंतीची नात मालन सगळ्यात मागे. सात वर्षांची. आई गेलेली, बाप ट्रकवर, तेव्हा ती आजीच्याच गळ्यात पडलेली. कातळावर मांडलेली भातुकली गोळा केल्याशिवाय ती हलायची नाही.

एक विमला, त्याची बायको, तिच्यापासून मात्र पिशवीचा वास लपणार नव्हता.

"तुमी ह्या काय करतास?" तिनं आठव्या दिवशी धरलंच. "त्याका हयची चटक लागली तर?"

"चार दिवसांचा प्रश्न आहे. टीव्हीवर आला की पिंजरा आलाच समज."

"आणि नाय आलो तर?"

"तू गप गो. तुका यातला काय कळतला?" चिडला की तो मालवणीवर यायचा.

विमला चुलीकडे वळली. ती बरोबर बोलत होती आणि आतून त्यालाही ते कळत होतं. पण दहाव्या दिवशी, उन्हं अजून पिवळी असताना, ओढ्याच्या करवंदीतून बिबट्या बाहेर आला, आरामात कातळावर बसला आणि खायला लागला, तेव्हा छपरावर पालथा पडलेल्या सहदेवला आनंदानं ओरडावंसं वाटलं. झालं होतं! घड्याळात सव्वापाच.

बाराव्या दिवशी तीन वाजता नाना, क्षमाताई आणि कॅमेरामन जीपनं आले. अख्खा पाडा गोळा झाला. शेवंतीनं नानांच्या पायाला हात लावला. "आमच्या सहदेवामुळं तुमचे पाय लागले," म्हणाली. उरलेली एक शेळी ती घरात, खाटेच्या पायाला बांधून ठेवायची, तेही तिनं दाखवलं. धाकूनं धोतर वर करून मांडी दाखवली. कॅमेरामन छपरावर चढला आणि डोळ्यांपुढं बोटांची चौकट धरून चहूकडे फिरला.

"नाना, वर या जरा. डावीकडे धुराडं येतंय. उजवीकडे विजेचे मनोरे. मधे घेतलं तर हे पत्रे आणि अँटेना."

नाना चढले. बराच वेळ बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी कातळावरचे ठसे ओळखले, नर आहे म्हणाले, वयात आलेला. मग खाली उतरून सहदेवच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, जनावर झकास आहे. पण हे जंगल वाटत नाही रे."

"नाना, जंगलच आहे ना. मागे येऊरचा डोंगर आहे."

"आहे, पण दिसत नाही. लोक रविवारी टीव्ही लावून बसतात ते लांब जायला. दाट झाडी, गावचा पाटील, रेस्ट हाउस, एखादा संस्थानिक. खिडकीतून दिसतं तेच त्यांना कशाला दाखवायचं? आणि मुंबईत बिबट्या दाखवला तर वरचे पहिले विचारतील, घबराट कशाला पसरवता? एपिसोड अडकेल."

"नाना, या बायका रोज..." सहदेवनं डोंगराकडे हात केला. "बिबट्या काय जागा चांगली दिसते का बघून येतो?"

नाना जीपकडे वळले. क्षमाताई म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत थांबूया ना. एकदा बघून तरी घेऊ." पण जीप साडेपाचला अंधेरीत परत द्यायची होती. साडेचारला सगळे गेले. निघताना नाना म्हणाले, "उद्यापासून कामावर ये. पुढच्या भागात नरभक्षकाचं गाव आहे. एक झोपडी उभी करायचीय. अगदी हुबेहूब तुझ्या या आळीसारखी कर."

सव्वापाचला बिबट्या आला. पिशवी सहदेवनं आधीच रिकामी करून ठेवली होती. मावळतीचं ऊन थेट त्याच्या अंगावर, एकेक ठिपका मोजून घ्यावा असा. सहदेव छपरावर बसून बघत होता. त्याला रडू आलं, आणि रागही आला, तो बिबट्याचा नव्हे.

तेराव्या दिवशी तो अंधेरीला गेला. कोंबडीवाल्याकडे गेला नाही. आता काय उपयोग? दिवसभर झोपडी बांधली. चिखलाचा गिलावा, कुडाची भिंत, दारात खाट. नाना येऊन बघून गेले, "वा," म्हणाले. साडेचारला खिळा ठोकता ठोकता त्याला आठवलं की कातळावरून पोरांना हाकलायला आज कुणी नाही. विमला कामावर. मग त्यानं स्वतःची समजूत घातली की तिथं काही घातलेलंच नाही, तर जनावर येईल कशाला!

घरी पोचेपर्यंत अंधारलं होतं. पाड्याच्या तोंडाशी माणसं उभी होती आणि एकही मूल बाहेर नव्हतं. मालन ओढ्यापलीकडे सापडली होती. बाकीची पोरं पळाली, ती भातुकली गोळा करत मागे राहिली.

सकाळी पिंजरा आला. माणूस मेला होता, त्यामुळे अर्जाला आता काही कमी नव्हतं. दोन गार्ड आणि सहा मजूर तो लोखंडी सांगाडा ओढत वर आणत होते. सगळा पाडा शेवंतीच्या दाराशी बसलेला. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे.

गार्डनं विचारलं, "कुठल्या वाटेनं येतो? कुणी बघितलंय का? चुकीच्या जागी लावला तर आठ-आठ दिवस फिरकत नाही, आणि तोवर आणखी एखादं उचलेल."

कुणी म्हणालं पाण्याच्या टाकीकडून, कुणी म्हणालं वरच्या बाजूनं. धाकूनं तिसरीकडे बोट दाखवलं. मजूर टाकीकडे वळले.

सहदेव उभा होता. विमला त्याच्याकडे बघत होती. तिनं डोक्यानंसुद्धा काही खुणावलं नाही. गप्प राहिलं तर कुणाला कधी कळणार नव्हतं.

"टाकीकडे नको," तो म्हणाला. "त्या कातळावर लावा. करवंदीतून येतो. पाच ते सव्वापाच."

गार्ड थांबला. "येवढं नक्की तुला कसं ठाऊक?"

"मीच लावलाय त्याला. कोंबडीचं घालून. टीव्हीवाल्यांना उजेडात दिसावा म्हणून."

कुणीतरी शिवी हासडली. धाकू उठायला लागला आणि मांडी धरून परत बसला. शेवंतीनं मान वर केली. सहदेवला वाटलं, आता ही ओरडेल, दगड उचलेल. तसं काही झालं तर बरं झालं असतं.

"किती दिवस घालत होतास?" तिनं विचारलं.

"बारा."

तिनं मनाशी दिवस मोजले. बोटांवर, हळूहळू. मग तिचा हात थांबला.

"मग काल का नाही घातलंस रे?"

सहदेवकडे उत्तर होतं. टीव्हीवाले येणार नव्हते म्हणून. सगळा पाडा ऐकत होता, गार्डही थांबला होता, आणि शेवंती त्याच्याकडे बघत ते उत्तर मिळण्याची वाट पाहत राहिली.