बसून टाकायचा गोळा

सुंदूला राज्य स्पर्धेत गोळाफेकीचं कांस्यपदक मिळालं, म्हणून राजेश्वरीनं रविवारी माहेरच्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. न बोलावून चालणार नव्हतं. धाकटी पदक घेऊन आली आणि सोलापुरात राहणाऱ्या थोरलीनं वाटीभर हुग्गीसुद्धा केली नाही, असं माहेरी दुधनीत कुणी म्हटलं असतं तर ते अव्वाला, म्हणजे आईला, लागलं असतं. सकाळी आठपासून ती गॅससमोर उभी राहून गहू-गुळाची ती खीर ढवळत होती, आणि ढवळता ढवळता मनात एकच प्रश्न वर येत होता. माझ्या वेळी कुणी केली होती?

तिची वेळ वीस वर्षांपूर्वीची. दुधनीच्या शाळेमागच्या मैदानात ती खो-खो शिकली, जिल्ह्याच्या संघात गेली आणि एकविसाव्या वर्षी राज्याच्या संघात निवडली गेली. तिला बाद करायला तीन-तीन गडी दमायचे. उपविजेतेपद घेऊन ती एसटीनं घरी आली तेव्हा अप्पा आडतीवर होते आणि अव्वा म्हणाली होती, ‘हातपाय धू, पाहुणे येणार हायेत तुला बघायला.’ मे महिन्यात लग्न झालं. नवरा बसू, होटगीला रेल्वेत. माणूस चांगला, सासर चांगलं. मैदान मात्र सुटलं ते सुटलंच, आणि ते सुटलं म्हणून कुणी कधी हळहळलंही नाही.

सुंदू तिच्याहून पाच वर्षांनी लहान. खरं नाव सुंदरम्मा, आजीचं ठेवलेलं. दुसऱ्या वर्षी पोलिओनं तिचे दोन्ही पाय वाळवले. पण पोरगी हुशार. शिकली, सोलापुरातच सरकारी कचेरीत लागली, जास्तीची दोन चाकं लावलेल्या स्कूटरवरून शहरभर हिंडू लागली. तीन वर्षांपूर्वी कचेरीतल्या कुणीतरी तिला दिव्यांगांच्या स्पर्धेत नेलं, तिथून ती गोळा टाकायला शिकली, आणि आता दुधनीत तिच्या नावाचा फलक लागला होता.

पायानं अधू असलेल्या बहिणीचा हेवा करणारी बाई कसली, असं राजेश्वरी स्वतःला दिवसातून दहा वेळा विचारायची. विचारून हेवा कमी होत नव्हता. उलट त्यात लाज मिसळून तो आणखी झोंबायचा.

जेवायला सगळे बसले. वरच्या मजल्यावरचे शेजारी पदक बघायला आले, तेव्हा अप्पांनी, म्हणजे गुरुसिद्धप्पांनी, सुंदूच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "ही आमची खेळाडू मुलगी."

राजेश्वरी हुग्गीचं पातेलं घेऊन तिथंच उभी होती. "आणि ही थोरली," अप्पा म्हणाले, "हिच्या हातची हुग्गी खाऊन बघा, लई झकास करती."

शेजारी हुग्गी खाऊन गेले. मग उत्कर्षानं, राजेश्वरीच्या नववीतल्या मुलीनं, विषय काढला. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय दिला होता, ‘सर्वांत कठीण खेळ कोणता?’

"कुस्ती," अप्पा लगेच म्हणाले. "त्याला काय विचारायचं? समोरचा गडी अंगावर येतो तेव्हा कळतं."

"फुटबॉल," बसू म्हणाला. "दीड तास पळून दाखवा म्हणावं कुस्तीवाल्यांना."

"पळण्यात काय हाय? घोडं बी पळतं."

दोघांचं बराच वेळ चाललं. अव्वानं मध्येच विटीदांडूचं नाव घेतलं आणि सगळे हसले. सुंदू शेंगाचटणीवर तेल ओतून घेत ऐकत होती. राजेश्वरी वाढता वाढता थांबली होती. आता कुणीतरी म्हणेल, तिला वाटत होतं. आता पोरगी तरी म्हणेल.

"माझं ठरलंय," उत्कर्षा म्हणाली. "मी मावशीचा गोळा घेणार. पाय पट्ट्यांनी बांधलेले, उठायचं नाही, सगळा जोर खांद्यातून काढायचा. असं कुणाच्या भाषणात नसेल."

"आणि खो-खो?" राजेश्वरीनं विचारलं. आवाज सहज ठेवायचा तिनं प्रयत्न केला.

"खो-खो सगळेच खेळतात ना गं आई."

राजेश्वरीनं भाकरी ताटात ठेवली नाही, टाकली. "बसून तर टाकायचा गोळा," ती म्हणाली. "त्यात अवघड ते काय हाय?"

बसू ताटाकडे बघत राहिला. अव्वा हळूच म्हणाली, "साकु, राजू." पुरे कर, एवढाच त्याचा अर्थ, पण लहानपणी मार बसायच्या आधी अव्वा ह्याच आवाजात म्हणायची.

सुंदूनं घास संपवला, पाण्याचा घोट घेतला. "उद्या सकाळी सहाला मैदानावर ये की, अक्का," ती म्हणाली. "बस, आणि टाक."

जाऊ नये, हे राजेश्वरीला कळत होतं. तरी ती गेली. एक्केचाळिसाव्या वर्षी कपाटातली जुनी ट्रॅकपँट ओढून चढवली आणि रिक्षानं मैदानावर पोचली. सुंदू आधीच आली होती. तिचे शिक्षक प्रभु सर मैदानाच्या कडेला एक लोखंडी बैठक जमिनीला दोरखंडानं आवळून बांधत होते. बैठक म्हणजे पाठ नसलेलं उंच स्टूलच, पुढं धरायला एक उभा दांडा.

"ही माझी अक्का," सुंदूनं सांगितलं. "राज्याला खो-खो खेळलीया."

सरांनी राजेश्वरीकडे आदरानं बघितलं. तेवढ्यानंही तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा राग आला.

तिला बसवून सरांनी मांड्यांवरून, गुडघ्यांवरून पट्टे आवळले. तीन किलोचा गोळा हातात दिला, तो मानेला कसा टेकवायचा ते दाखवलं. राजेश्वरीनं दांडा धरला, दम घेतला आणि फेकला. म्हणजे फेकायला गेली. अंग आपोआप उठू पाहत होतं, पाय जमीन शोधत होते, पट्टे मांसात रुतले, आणि गोळा दोन मीटरवर मातीत पडला.

तिचा सगळा खेळ पायांत होता. खांबाला वळसा घालताना, हुलकावणी देताना, सूर मारताना, जे काही करायचं ते पाय करायचे आणि डोकं मागून यायचं. आता पाय होते तरी नव्हते. दुसरा गोळा अडीच मीटर. तिसराही तेवढाच. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला.

सुंदूच्या ओठांच्या कोपऱ्यात जे होतं ते राजेश्वरीनं ओळखलं. ते हसू तिनं स्वतः खूप जणींकडे बघून हसलं होतं, त्या बाद होऊन मैदानाबाहेर जायच्या तेव्हा.

"पायांना विसरा, ताई," सर म्हणाले. "कमरेतून वळा."

राजेश्वरीनं डोळे मिटले. पाठीमागे वळून, कंबर पिळून, तिथून सगळा जोर वर आणला. हात सुटला तेव्हाच तिला कळलं. सरांनी टेप लावली.

"चार मीटर दहा," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी? सुंदूताईंना चार गाठायला वर्ष लागलं होतं. हात आहे तुमच्यात."

सरांनी हे कौतुकानं म्हटलं. राजेश्वरीच्या छातीत आनंदाची अशी उकळी आली, की संघात निवड झाली तेव्हाही आली नसेल. चांगला आनंद नव्हता तो, हे तिला कळत होतं. तिनं सुंदूकडे बघितलं.

सुंदूचं हसू गेलं होतं. ती गोळ्याकडे बघत होती, कुणीतरी तिच्या ताटातला घास उचलावा तशी. हा चेहरा राजेश्वरीला नवा नव्हता. गेली तीन वर्षं ती तो रोज सकाळी आरशात बघत होती.

"सोडा मला," ती सरांना म्हणाली.

सर पट्टे सोडून दुसऱ्या मुलांकडे गेले. बहिणी मैदानाच्या कट्ट्यावर बसल्या. सुंदूनं कुबड्या बाजूला ठेवल्या.

"दुधनीत तू खेळायचीस तेव्हा अप्पा मला सायकलीवर आणून मैदानाच्या कडेला बसवायचे," सुंदू म्हणाली. "तुमच्या सगळ्यांच्या चपला राखायला. आठवतंय?"

"व्हय."

"मी काय मागत बसायची म्हाईत हाय? अक्का पडू दे. रोज. एकदा तू खांबावर सूर मारलास आन् हनुवटी फुटली. पाच टाके पडले. मला वाटलं, माझ्यामुळंच झालं. दोन दिवस जेवले न्हाय मी. आन् आतून बरं बी वाटत होतं."

राजेश्वरीनं नकळत हनुवटीला हात लावला. बोलायचं तर आत्ताच, नाहीतर पुन्हा कधी नाही, असं तिला वाटलं. "मला तुझा हेवा वाटतो, सुंदू. फलक लागला तेव्हा मी अप्पांना फोन सुदिक केला न्हाय."

"म्हाईत हाय."

"म्हाईत हाय म्हणजे?"

"मी पयलं पदक आणलं तवापासनं म्हाईत हाय. तू पदक हातात घेतलंस न्हाय, लांबनंच बघितलंस." सुंदू समोर बघत बोलत होती. "मला लई गोड वाटलं, अक्का. लोकांनी माझी दया केली, कौतुक केलं, पाया पडायला बी आली एक बाई. हेवा कुणीच केला न्हवता. तू केलास. म्हणलं, आता आपण खेळाडू झालो."

राजेश्वरीनं कुबड्या उचलून बहिणीच्या हातात दिल्या.

"पण चार दहा म्हणजे काय लई न्हाय," उठता उठता सुंदू म्हणाली. "माझं पाच ऐंशी हाय."

"वर्षभर दे मला, मग बघू."

"ये की. बघू."

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. भाकरी थापायला उत्कर्षाला बसावं लागलं. तिची पहिली भाकरी फाटली, दुसरी तव्याला चिकटली. खुर्चीवर बसून खांद्याला तेल चोळता चोळता राजेश्वरीनं तिला खांबावर सूर कसा मारतात ते सांगितलं, हनुवटीवरची टाक्यांची खूण दाखवली, आणि दोन महिन्यांच्या सरावाचं शिबिर अर्ध्यात सोडून लग्नाला कशी उभी राहिली तेही सांगितलं. पोरीनं यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ती ऐकत राहिली.

"मग मी खो-खो घेऊ का भाषणाला?" तिनं विचारलं.

राजेश्वरीला हो म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं.

"नको," ती म्हणाली. "मावशीचाच घे. अवघड हाय तो, मी बसून बघितलंय. पण त्यात एक वाक्य घाल. आईनं पहिल्याच दिवशी चार मीटर दहा टाकला म्हणून."

"त्याचा भाषणाशी काय संबंध?"

"नसू दे. घाल."

उत्कर्षानं ते वाक्य घातलं. नंबर आला नाही. पहिला नंबर बुद्धिबळावर बोललेल्या मुलीला गेला. सभागृहात दोघी बहिणी शेजारी बसल्या होत्या. ते वाक्य आलं तेव्हा सुंदू राजेश्वरीच्या कानाशी वाकून म्हणाली, "माझं पाच ऐंशी सांगायचं राहिलं की हिचं," आणि निकाल लागेपर्यंत तोंड फुगवून बसली.